सभा कोणासाठी भरवायची?

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेच्या समितीची बैठक भरली की पूर्वी तीन प्रश्नांचा निकाल लागला म्हणजे काम संपत असे: वक्ता कोण, सभागृह कोणते आणि वर्गणी कोणाकडून मिळवायची. २०२० नंतर त्यांत चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे. कार्यक्रम सभागृहातच करावयाचा, घरबसल्या मोबाइलवर ऐकण्याची सोय करावयाची, की दोन्ही एकदम साधावयाचे? हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो आणि म्हणूनच तो बहुधा समितीतील सर्वांत तरुण सभासदाच्या गळ्यात घातला जातो. तो एक तिकाटणे आणतो, त्यावर मोबाइल चढवितो, आणि वडीलधारी मंडळी निश्चिंत मनाने हारतुऱ्यांच्या हिशेबाकडे वळतात. परिणामी सभागृहात पुढच्या दोन रांगा भरतात, मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राकडे पाठविलेल्या वृत्तात मात्र ‘शेकडो रसिकांनी लाभ घेतला’ असे वाक्य येते. हे शेकडो रसिक कोण, ते किती वेळ ऐकत होते आणि ऐकून त्यांनी काय विचारले, याची नोंद कोणापाशीच नसते.

वस्तुतः हा प्रश्न तंत्राचा कमी आणि अर्थकारणाचा अधिक आहे. सार्वजनिक कार्यक्रमाचा खर्च कोणी सोसावयाचा, त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडावयाचा आणि कोणाला दाराबाहेर ठेवावयाचे, याचा निर्णय त्यात नकळत होऊन जातो. तो जाणीवपूर्वक व्हावा, एवढीच अपेक्षा येथे आहे.

महाराष्ट्राला सभेचे वेड जुने आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्या वेळी छापखाने होते, नियतकालिके होती, आणि वक्त्याचे म्हणणे दोन आण्यांच्या पुस्तिकेत वाचणे अशक्य नव्हते. तरीही माणसे उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर पडून एकत्र बसत होती. केवळ माहिती मिळविणे हाच हेतू असता तर ही पायपीट अनावश्यक होती. सभेत बसलेल्या माणसाला वक्त्याचे शब्द तर कळतातच. पण आपल्या शेजाऱ्यालाही ते कळले आहेत, आणि शेजाऱ्याला आपल्याविषयी तेवढेच ठाऊक आहे, हेही कळते. मायकेल च्वे या राज्यशास्त्रज्ञाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समारंभांचे सामाजिक कार्य नेमके याच सूत्राने उलगडले आहे. सावकारीविरुद्धचे, हुंड्याविरुद्धचे अथवा जातिभेदाविरुद्धचे भाषण एकट्याने घरी ऐकणारा मनुष्य त्याच्याशी सहमत होतो आणि झोपी जातो. तेच भाषण चारशे गावकऱ्यांत बसून ऐकणाऱ्याला उद्या आपल्या बाजूने कोण कोण उभे राहू शकेल याचा अदमास येतो. फेब्रुवारीतील सेवालाल जयंती व शिवजयंती आणि एप्रिलमधील फुले-आंबेडकर जयंत्या यांच्या निमित्ताने विदर्भात जी व्याख्याने होतात, त्यांचे बळ याच गोष्टीत साठविलेले आहे.

मार्च २०२० मध्ये हे सारे एका रात्रीत थांबले. त्या वर्षी आषाढीला पालख्यांची पायी वाटचाल झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरपुरास गेल्या आणि वारकऱ्यांनी सोहळा पडद्यावर पाहिला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव २०२० व २०२१ या दोन्ही डिसेंबरांत झाला नाही; तो पुन्हा भरला तो डिसेंबर २०२२ मध्ये. फेब्रुवारी २०२१ मध्ये उर्वरित राज्य मोकळा श्वास घेत असताना अमरावती विभागात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातही, पुन्हा निर्बंध आले आणि नेमक्या जयंत्यांच्या हंगामात सभागृहांना टाळे लागले. अशा वेळी झूम, गूगल मीट आणि यूट्यूब यांनी जी सोय केली तिचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. ज्या वक्त्याला पुसदला आणण्यासाठी पूर्वी दोन दिवस मोडावे लागत, तो आपल्या घरातून तासाभरासाठी उपलब्ध झाला.

त्याबरोबर एक हास्यास्पद प्रकारही फोफावला. महाविद्यालयामहाविद्यालयांतून ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ वेबिनारांची लाट आली. शेवटी एक प्रश्नावली भरावयाची आणि ई-प्रमाणपत्र मिळवावयाचे, असा तो परिपाठ होता. एकाच दिवशी तीन विषयांवरील तीन वेबिनारांना ‘उपस्थित’ राहिलेले अध्यापक त्या काळात दुर्मीळ नव्हते. चलनाचा पुरवठा अमर्याद झाला की त्याची किंमत घसरते, हा नियम प्रमाणपत्रांनाही लागू पडतो. आज त्या प्रमाणपत्रांच्या फायली कोणी उघडून पाहत नाही. पण त्या लाटेने संयोजकांना एक वाईट सवय लावली, ती टिकून आहे: नोंदणीचा आकडा म्हणजे श्रोता, हे समीकरण.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. सभागृहाचे भाडे, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, वक्त्याचा प्रवास, मुक्काम, मानधन आणि चहापान हा सारा खर्च संयोजकांच्या वहीत दिसतो. पडद्यावरील कार्यक्रमात तो जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून तो कार्यक्रम ‘फुकट’ वाटतो. परंतु खर्च नाहीसा होणे आणि खर्च दुसऱ्याच्या खिशात सरकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइल संच, त्याचा भरणा, घरातील शांत कोपरा आणि अखंड वीज यांचा भार पडद्यावरील कार्यक्रमात श्रोत्याने उचललेला असतो. ज्याच्यापाशी हे आधीच आहे त्याला तो जाणवत नाही. ज्याच्यापाशी नाही तो श्रोत्यांच्या यादीतून गळतो, आणि गळाला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. सभागृहाच्या दारातून परत गेलेला माणूस निदान दिसतो तरी.

अर्थात, सभागृहालाही स्वतःचा अदृश्य खर्च आहे, तो लपविण्याचे कारण नाही. पुसद यवतमाळपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. वर्धा-यवतमाळ-पुसद-नांदेड लोहमार्गाचा वर्ध्याकडील टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत सुरू झाला. त्यापूर्वीच्या साऱ्या पिढ्यांतील वक्ते येथे मोटारीने किंवा एस. टी.नेच आले. श्रोत्यांची स्थिती याहून बिकट असते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ७३ हजार होती. पण पुसदचा खरा श्रोतृवर्ग तालुक्यातील तांड्यांवर आणि वाड्यांवर पसरलेला आहे. सायंकाळी सातचा कार्यक्रम प्रथेप्रमाणे आठला सुरू होतो. सत्कार, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय आटोपून मुख्य वक्ता नऊच्या सुमारास उभा राहतो, तेव्हा शेवटची बस निघून गेलेली असते आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आहे. खेड्यातील श्रोता येत नाही अशी तक्रार करणाऱ्या समित्यांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी एस. टी.चे वेळापत्रक एकदा ठेवून पाहावे. मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये महिलांना निम्मे भाडे आकारले जाते. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. श्रोत्यांचा प्रवासखर्च शासनाने असा परस्पर कमी करून ठेवला असताना त्याचा लाभ घेण्यासाठी व्याख्यान दुपारी तीन वाजता ठेवून पाहिलेल्या समित्या किती निघतील?

आता अर्थशास्त्राच्या एका जुन्या चर्चेकडे वळणे आवश्यक आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात (प्रथमावृत्ती १८९०) असे निरीक्षण नोंदविले होते की, दळणवळणाच्या साधनांमुळे मोठ्या उद्योजकांचे उत्पन्न अफाट वाढले तरी गायकाचे तसे वाढणार नाही. कारण मानवी आवाज जेथवर पोहोचतो तेवढेच त्याचे श्रोते. ही मर्यादा ध्वनिमुद्रण आणि नभोवाणीने मोडली. मग काय होते, हे शर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘सुपरस्टार्सचे अर्थशास्त्र’ मांडताना दाखविले. एकाच कलावंताचा आवाज लाखोंपर्यंत अत्यल्प जादा खर्चात पोहोचू लागला की गुणवत्तेतील थोड्याशा फरकानेही उत्पन्नात आणि प्रसिद्धीत प्रचंड अंतर पडते. पहिल्या क्रमांकाचा सारी बाजारपेठ व्यापतो आणि विसाव्या क्रमांकाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

व्याख्यानांच्या क्षेत्रात हेच घडत आहे. मोबाइलवर ऐकणारा श्रोता पुसदच्या व्याख्यानमालेची तुलना दिग्रस किंवा उमरखेडच्या व्याख्यानमालेशी करीत नाही. त्याच्या बोटाच्या एका हालचालीच्या अंतरावर पुण्या-मुंबईचे नामवंत वक्ते असतात, आणि त्यांच्याही पलीकडे क्रिकेटचा सामना असतो. अशा स्पर्धेत कापसाच्या अर्थकारणावर वा पैनगंगेच्या खोऱ्यातील पाणीप्रश्नावर बोलणारा स्थानिक अभ्यासक टिकणार नाही. त्याचे ज्ञान कमी असते असे मुळीच नाही. त्याचा विषय पन्नास किलोमीटरच्या परिघाबाहेर कोणाला नको असतो, आणि त्या परिघातील माणसे पडद्यावर त्याला शोधत येत नाहीत. सभागृहाच्या चार भिंती या स्थानिक ज्ञानाला संरक्षक जकातीसारख्या उपयोगी पडत होत्या. संरक्षक जकातीचे तोटेही असतात, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. त्याच त्या वक्त्यांची तीच ती भाषणे गावोगाव ऐकावी लागली, त्याचे कारण हेच. तथापि ज्या तालुक्याने राज्याला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, तेथील वक्तृत्वाची जडणघडण अशाच लहान सभांतून झाली असणार. पहिले भाषण चाळीस ओळखीच्या माणसांपुढे चुकतमाकत करण्याची जागाच नाहीशी झाली तर पुढचा वक्ता येणार कोठून?

पडद्याचा पुरस्कार करणारे समानतेचा युक्तिवाद करतात, तो मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. सभागृहात पुढच्या खुर्च्या कोणाच्या, हे ठरलेले असते. मागे उभा राहणारा, शेवटी बोलण्याची संधी मिळालीच तर मिळणारा, हेही ठरलेले असते. रात्रीच्या सभेला स्त्रिया कमी येतात. पडद्यावर पुढची रांग नसते, हे खरे. पण आकडे काय सांगतात? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे देशातील प्रमाण सुमारे एक-तृतीयांश आढळले. पुरुषांचे निम्म्याहून अधिक होते. त्यानंतर स्वस्त भरण्यामुळे ही दरी अरुंद झाली असणार, हे उघड आहे. परंतु घरात एकच चांगला मोबाइल असेल तर संध्याकाळी तो कोणाच्या हाती असतो, याचे उत्तर पाहणीशिवायही प्रत्येकाला ठाऊक आहे. सभेत न येऊ शकलेली स्त्री पडद्यावर आपोआप येते, ही समजूत भाबडी आहे. तिला आणण्यासाठी सभेची वेळ बदलणे हा अधिक खात्रीचा मार्ग होय.

सभेचे आणि शब्दाच्या प्रसाराचे नाते किती गुंतागुंतीचे असते, याचा धडा याच जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिला. यवतमाळला १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे संमेलन तेथे भरले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनाची उद्घाटक कशी, असा आक्षेप घेऊन कार्यक्रम उधळण्याचे इशारे दिले गेले होते. व्यासपीठ नाकारले गेले, पण भाषण थांबले नाही. त्यांचे लिखित भाषण वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून भाषांतरांसह सर्वत्र पोहोचले, आणि एरवी संमेलनाच्या उद्घाटनाचे भाषण ज्यांनी कधी वाचले नसते अशांनीही ते वाचले. मग मांडवात कमी पडले काय? कमी पडले ते हे की, त्या विचारांशी असहमत असलेला आणि सहमत असलेला श्रोता एकाच छताखाली बसून ते ऐकू शकला नाही. मोबाइलवर ते भाषण सहमत असलेल्यांनी सहमत असलेल्यांना पाठविले. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरूनच या प्रकाराविषयी परखड बोलून दाखविले, आणि त्या बोलण्याचे वजन ते मांडवात, संयोजकांच्या समक्ष उच्चारले गेले म्हणूनच वाढले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण नाशिकचे. डिसेंबर २०२१ मधील ९४ व्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर प्रकृतीमुळे नाशिकला जाऊ शकले नाहीत. त्यांचे विचार कोणापासून दडून राहिले नव्हते. त्यांची पुस्तके महाराष्ट्रात घरोघरी होती. तरीही अध्यक्ष प्रत्यक्ष आले नाहीत याची रुखरुख आणि काहीशी नाराजी जाहीरपणे व्यक्त झाली. ऐंशी ओलांडलेल्या शास्त्रज्ञावर नाराज होणे अनुदारपणाचेच होते. पण त्या नाराजीच्या मुळाशी जी अपेक्षा होती ती समजण्यासारखी आहे. तीन दिवसांच्या संमेलनाला लोक जातात ते अध्यक्षांच्या भाषणाची प्रत घेण्यासाठी नव्हे.

सत्ताधाऱ्यांना ही गोष्ट साहित्यिकांपेक्षा अधिक चांगली कळते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळजवळील सभेतून आणि अठरावा हप्ता ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कार्यक्रमातून वितरित झाला. प्रत्येक वेळी नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत वीस हजार कोटी रुपयांहून कमी नसलेली रक्कम जमा झाली. हा पैसा संगणकाच्या आज्ञेने बँकेतून बँकेत जातो. त्यासाठी मंडप लागत नाही, ध्वनिक्षेपक लागत नाही, गावोगावच्या बसगाड्या लागत नाहीत. व्यवहार संपूर्णपणे आभासी आणि समारंभ संपूर्णपणे प्रत्यक्ष, अशी ही रचना आहे. पक्ष कोणताही असो, सत्तेवर आलेला प्रत्येक जण असेच करतो. खात्यावर जमा झालेला पैसा ही केवळ एक नोंद असते, पण हजारोंच्या समक्ष दाबलेली कळ ही घटना होते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. प्रक्षेपण असतेच, पण ते गर्दीचे प्रक्षेपण असते. रिकाम्या मांडवातून कोणताही नेता असे भाषण करणार नाही. मग ज्यांच्या हाती सत्ता नाही, पैसा नाही आणि बसगाड्याही नाहीत, त्या लहान संस्थांनीच आपली सभा मोबाइलच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, हे विपरीत होय.

तर मग तिकाटणे फेकून द्यावे काय? तसे मुळीच नाही. या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर सात दशकांपूर्वी होऊन गेला आहे, आणि तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. १९५६ च्या पूर्वार्धात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व आसपासच्या मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची नभोवाणी मंडळे स्थापिली. (वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे यवतमाळकरांचा त्यात सहभाग असण्याचा प्रश्नच नव्हता.) प्रत्येक मंडळात पंधरा-वीस गावकरी असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचे प्रक्षेपण सर्वांनी एकत्र बसून ऐकावयाचे, ते संपताच त्यावर चर्चा करावयाची, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न मंडळाच्या चिटणिसाने लिहून नभोवाणीकडे पाठवावयाचे. त्यांची उत्तरे पुढील प्रक्षेपणात दिली जात. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी केले. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि दोन्ही नसलेली. मंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ लक्षणीय झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. रेडिओ नसलेल्या गावांच्या फार पुढे ही गावे गेली नाहीत. म्हणजे दुरून येणारा आवाज तोच, कार्यक्रम तेच, फरक होता तो ऐकणारी माणसे एकत्र बसली होती की नाही आणि त्यांना उलट प्रश्न विचारण्याची सोय होती की नाही, याचा. १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारली आणि मंडळांची संख्या हजारोंवर गेली. पण मूळ प्रयोगातील निगा संख्येच्या हव्यासात टिकली नाही, आणि योजना हळूहळू विरून गेली. सरकारी योजनांच्या इतिहासात हे नवे नाही.

आजच्या प्रश्नाला या प्रयोगाने नेमके उत्तर दिले आहे. वक्ता दूर असला तरी चालेल; श्रोते मात्र एकत्र हवेत. आपण करीत आहोत ते याच्या अगदी उलट. वक्त्याला भाड्याच्या मोटारीने पुसदला आणतो, हार घालतो आणि श्रोत्यांना घरोघरी विखरून टाकतो. त्याऐवजी दूरचा तज्ज्ञ पडद्यावर यावा आणि गावकऱ्यांनी वाचनालयात, समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत एकत्र बसून त्याला ऐकावे. तासाच्या कार्यक्रमात व्याख्यान पस्तीस मिनिटांचे असावे आणि उरलेला वेळ प्रश्नांसाठी राखावा. प्रवासाचा वाचलेला पैसा मोठ्या पडद्यावर, चांगल्या ध्वनियंत्रणेवर आणि वीज गेल्यास लागणाऱ्या इन्व्हर्टरवर खर्च करावा. प्रवास खरोखर ज्यांना अशक्य आहे, ते वृद्ध, आजारी आणि परगावी नोकरीस गेलेले पुसदकर, त्यांच्यासाठी मुद्रित भाषण नंतर उपलब्ध करावे. त्याच वेळी लिंक द्यावयाची की दोन दिवसांनी, हा निर्णय लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. त्याच वेळी दिलेली लिंक हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसालाही घरीच बसविते. दोन दिवसांनी दिलेली लिंक न आलेल्याला ऐकविते, पण येऊ शकणाऱ्याला थोपवीत नाही.

असे केल्याने श्रोते कमी दिसतील, अनुदान आणि देणग्या आकड्यांकडे पाहून मिळतात, असा आक्षेप समित्यांकडून येईल. तो खरा आहे. यूट्यूबवर दिसणाऱ्या संख्येत दहा सेकंद थांबलेला आणि दीड तास ऐकलेला यांत देणगीदाराला भेद दिसत नाही. त्यावर उपाय असा की, अहवालात उपस्थितीबरोबर विचारल्या गेलेल्या प्रश्नांची यादी जोडावी. साठ श्रोत्यांनी विचारलेले बारा प्रश्न कोणत्याही नगरसेवकाला अथवा बँकेच्या संचालकाला सहाशेच्या आकड्यापेक्षा अधिक विचार करावयास लावतील. निदान ते प्रश्न त्यांच्याच कारभाराविषयी असतील तेव्हा तरी नक्कीच.

हा सारा विचार व्याख्यानमालांपुरता असता तर तो सुशिक्षितांच्या करमणुकीचा विषय म्हणून सोडून देता आला असता. पण यवतमाळ जिल्ह्यात सभा भरविण्याच्या पद्धतीवर माणसांचे जीवित अवलंबून असल्याचे उदाहरण आहे. २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. चौकशी झाली, यंत्रणांवर ठपके आले, आणि सुरक्षित फवारणीची माहितीपत्रके, ध्वनिचित्रफिती व संदेश यांची निर्मिती झाली. माहिती आज मोबाइलवर उपलब्ध आहे. परंतु डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या त्रिकोणाचा अर्थ, वाऱ्याची दिशा पाहून चालणे, नोझल तोंडाने न फुंकणे, दोन औषधे मनाने न मिसळणे या गोष्टी चित्रफीत पाहून कळल्याचा भास होतो, हाताला त्यांचे वळण लागत नाही. शिवाय फवारणी करणारा बहुधा मजूर असतो, आणि चित्रफीत पोहोचते ती शेतमालकाच्या मोबाइलवर. मजूर आणि मालक या दोघांनी एकमेकांच्या देखत ते ऐकले तरच हातमोजे मागणे मजुराला सोपे जाते आणि ते नाकारणे मालकाला अवघड होते.

वसंतराव नाईक यांचा जन्म पुसदजवळच्या गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी झाला, आणि त्यांच्या जयंतीचा दिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पंचायत समित्यांतून मेळावे होतात, प्रगतिशील शेतकऱ्यांचे सत्कार होतात आणि अलीकडे त्यांचे प्रक्षेपणही होते. पाऊस वेळेवर आला असेल तर खरा शेतकरी त्या दिवशी पेरणीत गुंतलेला असतो. मेळाव्याला येतो तो ज्याला सवड आहे तो. जयंतीचा हार १ जुलैलाच घातला जावा. पण त्याबरोबर उरकली जाणारी कीटकनाशकांची माहिती-सभा त्या दिवसापासून सोडवून पहिल्या फवारणीच्या आधी, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आठवडी बाजार नसलेल्या संध्याकाळी तांड्यावर आणि वाडीवर भरवावी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ पडद्यावरून बोलला तरी हरकत नाही. फवारणीचा पंप, हातमोजे आणि रिकामा डबा मात्र समोर असावा, आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घेणारा एक चिटणीस त्या सभेत बसलेला असावा.